टाटा १२१०, ६९२ इंजिन: ऑईल फिल्टर बदलल्यापासून गळती थांबेना

सावदेकर

राम राम मंडळी.

आमच्या खळ्यात आप्पांची टाटा १२१० एसई उभी आहे, १९८२ ची, ६९२ इंजिनवाली. आप्पांनी या गाडीवर सावद्याहून पार दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत केळी वाहिली. नंतर ती शेताच्या कामाला लागली, आणि गेली चार वर्षं तर नुसती उभी होती. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी येणार आहेत. धाकटीने फोनवरच सांगून टाकलंय, झोका नंतर, आधी आप्पांच्या ट्रकमध्ये बसून तापीवर जायचं. तेव्हापासून मी या गाडीच्या मागे लागलोय.

बॅटरी नवी टाकली, टाकी धुतली, डिझेल लाईनची हवा काढली. तिसऱ्या सेल्फला इंजिन उठलं. आवाज ऐकून आप्पा ओट्यावरून चपला न घालता आले. इथपर्यंत झकास.

मग मी शहाणपणा केला. डांबर झालेलं ऑईल काढून नवं भरलं आणि ऑईल फिल्टरही घरीच बदलला. हा आजच्या गाड्यांसारखा हाताने फिरवून बसवायचा डबा नाही. खाली लोखंडी वाटी, आत कागदी एलिमेंट, आणि वाटीच्या बुडातून वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनला बसलेल्या फिल्टरच्या वरच्या भागात, जाणारा एकच लांब बोल्ट. एलिमेंटच्या पाकिटात वाटीच्या काठाची रबरी रिंग आली होती, ती लावली.

चालू केल्याबरोबर वाटीवरून ऑईल यायला लागलं. थेंब थेंबच होतं, म्हणून बोल्ट आणखी आवळला. दुसऱ्या दिवशी ओघळ. पान्याला पाइप घालून आवळला, तर आणखी वाढलं. परवा वाटी उतरवून काठाला सगळीकडून सिलिकॉन फासलं आणि रात्रभर वाळू दिलं. आज सकाळी अर्धा तास इंजिन चाललं, तर खाली कळण्याच्या भाकरीएवढं डबकं. रंगही तोच.

प्रेशरचा काटा ठीक दाखवतो. गावातला मेकॅनिक म्हणतो फिल्टरची पूर्ण असेंब्लीच बदला. आप्पा म्हणतात गाडीचं काही बदलायचं नाही. आखाजीला बारा दिवस उरलेत. काय करू?

घाटवाला

एवढं कशाला टेन्शन घेता दादा. पुट्टी मळा आणि थापा सगळीकडून. आमची गाडी कोंडाईबारी घाटात फिल्टरपाशी गळायला लागली होती. पुट्टी थापली, वरून चिंधी आवळली आणि सुरतेला माल उतरवून आलो. पाच लिटरचा कॅन सोबत ठेवायचा, काटा खाली आला की ओतायचं. तुम्हाला तर तापीपर्यंतच जायचंय.

जुना फिटर, धुळे

घाटवाल्या भाऊ, तुझी गाडी सुरतेला पोचली ही तुझ्या मायबापाची पुण्याई. पुट्टीचं श्रेय नको देऊ तिला. फिल्टरच्या वाटीत पंप ऑईल दाबून भरतो. तिथली रिंग एकदा फाटली की चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीतलं) सगळं ऑईल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. काटा पडलेला तुला दिसेपर्यंत क्रँकच्या बेअरिंगांनी पाणी सोडलेलं असतं. मग पाच लिटरच्या कॅनचं काय करशील, अभिषेक?

सावदेकर भाऊ, आता तुझं. मी एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं हात काळे केले. नवं पोरगं कामावर आलं की पहिल्या दिवशी पाना घेऊन धावायचं. आमचे हेड फिटर त्याला म्हणायचे, "बठ्ठं खोलानं आन् मंग रडानं." तू खोलूनही झालास, रडूनही झालास. आता बघायला लाग.

इंजिनचा तो सगळा भाग डिझेलने ब्रश मारून धू. फडक्याने पूस, हवा मिळाली तर हवा मार. एकदम कोरडा झाला की शाळेचे खडू कुटून ती पूड फिल्टरवर, त्याच्या वरच्या अंगाला आणि आजूबाजूला फुंकून बसव. मग इंजिन चालू कर. नुसतं आयडलला, रेस करायची नाही. टॉर्च आणि बायकोचा छोटा आरसा घेऊन वाटीच्या मागचं बघ. ऑईल वरून खाली उतरतं आणि पंख्याच्या हवेने पुढून मागे जातं. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे चोर नसतो. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे पूड जिथे पहिल्यांदा काळी होते, तिथे बोट ठेव. आरसा धरताना बाहीची बटणं लावून घे, पंखा समोर आहे.

आणखी एक ध्यानात घे. फिल्टरची गळती इंजिन चालू असताना जोरात आणि बंद केल्यावर थोड्या वेळात मंद होते, कारण तिच्या मागे पंपाचं प्रेशर असतं. रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी डबकं दिसलं तर ती बहुतेक चेंबरच्या पॅकिंगची भानगड असते.

आता माझा संशय सांगतो. तू लिहिलंस की नवी रिंग लावली. जुनी काढली असं कुठेच लिहिलं नाहीस. ती वर हेडच्या खाचेत बसलेली असते. इतक्या वर्षांत उष्णतेने भाजून तिचा रंग हेडसारखाच होतो, बोट फिरवलं तरी खाच कुठे आणि रिंग कुठे ते कळत नाही. तिच्यावर दुसरी रिंग बसवली की ती खाचेत शिरत नाही, काठावर तरंगत राहते. आवळलं की बाहेर सरकते. म्हणून तू जितकं आवळलंस तितकं वाढलं. आणि पाइप घालून आवळलंस म्हणजे वाटीच्या बुडाला बोल्टच्या डोक्याखाली खळगा पडला असणार, तोही बघ.

सिलिकॉनचा तर मला रागच आहे. बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. आतला तुकडा सुटला तर तो ऑईलबरोबर प्रवासाला निघतो आणि बारीक वाटेत जाऊन बसतो. एकूण एक कण खरवडून काढल्याशिवाय गाडी चालू करू नकोस. एलिमेंटवर लागलं असेल तर एलिमेंट दुसरा घे, दीडशे-दोनशेकडे बघू नको.

सावदेकर

फिटरकाका, साष्टांग दंडवत.

दाभण घेतलं, पोतं शिवायचं. उताणा झोपून हेडच्या खाचेत टोक घातलं आणि उचकटलं. काही हलेना. खाचेचा तळच असावा असं वाटलं. मग घासलेटचा बोळा अर्धा तास लावून ठेवला आणि पुन्हा टोक घातलं, तर टक्क आवाज झाला आणि बोटभर तुकडा तोंडावर पडला. रबर कसलं, काचेच्या बांगडीसारखी तुटत होती. अकरा तुकडे निघाले. ते पुठ्ठ्यावर गोल मांडले तेव्हा पूर्ण रिंग झाली, म्हणजे आत काही राहिलं नाही. आप्पांनी एक तुकडा नखाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "ही मी बऱ्हाणपूरला टाकली होती. तुझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी." बहिणीचा मुलगा आता कॉलेजात आहे.

सिलिकॉन खरवडायला दुपार गेली. एलिमेंट नवा आणला. पाकिटातली रिंग माझ्याच आवळण्याने चपटी झाली होती, म्हणून एका दुकानातून नुसती रिंग आणली. दुकानदाराने फोटो बघून दिली. जराशी लहान होती, ताणून बसवली.

खडू मुलाच्या दप्तरातले गेले. निकाल असा: पहिली काळी रेघ वाटीच्या खाली, बोल्टच्या डोक्याभोवती. दहा मिनिटांनी काठाला एका बाजूने ओल, साधारण चार बोटं रुंद. बाकी काठ कोरडा. आणि तिसरी गंमत, मी अशीच जास्तीची पूड वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडेला मारली होती, तीही दोन ठिकाणी भिजली. डबकं मात्र आता पुरीएवढं.

चौफुलीवाला, जळगाव

माझं अजिंठा चौफुलीजवळ जुन्या ट्रकांच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून बोलतो. रिंग कधी फोटोवर देऊ नये आणि घेऊही नये. वाटी घेऊन दुकानात जायचं, रिंग वाटीच्या काठाला लावून बघायची आणि मगच पैसे द्यायचे. ताणलेली रिंग बारीक होते आणि थंड-गरम झाली की आपल्या मूळ मापावर परत यायला बघते. तुमची एका बाजूची चार बोटं ओल तिथूनच येत असणार, त्या बाजूला रिंग खाचेतून आत ओढली गेली असेल. बरोबर रिंग न ताणता बसते, आणि खाचेच्या तोंडापेक्षा किंचित वर राहते, म्हणजे आवळल्यावर दबायला जागा असते. चपट्या रिंगच्या खाचेत गोल रिंग आणि गोलच्या जागी चपटी, हा उद्योगही करू नका.

ऑईलला टिकणारं रबर मागा, नायट्रिल म्हणतात ते. खेड्यात सायकलची ट्यूब कापून लावतात. चार दिवस बरी चालते, मग ऑईल पिऊन फुगते आणि शेवया होते.

जाता जाता सांगतो, दुकानात येऊन "मर्सिडीजचं पॅकिंग द्या" म्हणणारी जुनी माणसं अजून आहेत. टेल्को (टाटा मोटर्सचं जुनं नाव) आणि मर्सिडीज बनवणारी डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ होता. त्या काळच्या ट्रकांच्या तोंडावर तारा असायचा. त्यांचं ३१२ इंजिन ९० मिलीमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १२० स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली चाल). तुमचं ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ चा बोअर, स्ट्रोक तोच १२०. पुढचं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ चा बोअर, पण त्याचा स्ट्रोक १२८. इंजिनचं नाव वाचता आलं तरी अर्धं काम होतं. पण चाळीस वर्षांत कुणी कुठल्या गाडीची वाटी कुठे बसवली असेल याचा नेम नाही. म्हणून पुन्हा तेच, वाटी घेऊन या. उन्हाच्या आधी या, अकरानंतर इथे डांबर चपलेला चिकटतं.

जुना फिटर, धुळे

शाब्बास. अकरा तुकडे मांडून बघितलेस ते मला आवडलं. असं डेपोत कुणी केलं नाही.

रिंगचं चौफुलीवाल्यांनी सांगितलं, त्यात माझी भर नाही. बोल्टचं बघू. डोक्याखाली तांब्याचं वायसर आहे ना? आवळून आवळून तांबं कडक होतं आणि मग खाचाखोचांत भरत नाही. नवं मिळालं तर नवं घाल. नाही मिळालं तर जुनं चिमट्यात धरून चुलीवर किंवा गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापव आणि पाण्यात टाक. लोखंड असं विझवलं की कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं. वरची काळी पापडी पॉलिश पेपरने घासून काढ. हे प्रत्येक वेळी वाटी उघडली की करायचं. आमच्याकडे वायसरांची माळ तारेत ओवून लोहाराच्या भट्टीत जायची.

बुडातला खळगा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून आतून हलक्या हाताने सपाट कर. मग काठ तपास. जुन्या खिडकीची काच घे, तिच्यावर शेंदूर तेलात कालवून अगदी पातळ फास आणि वाटी पालथी घालून जरा फिरव. जिथे शेंदूर लागला ते उंच, जिथे नाही लागला ते खोल. काठ सगळीकडून सारखा रंगला पाहिजे. डेपोत आमच्याकडे याच कामाला निळा रंग यायचा, तो संपला की मारुतीच्या देवळातून शेंदूर आणायचो. शेंदूर म्हणजे शिसं, तेव्हा जेवायला बसायच्या आधी हात साबणाने धू. फरक बारीक असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून वाटी त्याच्यावर गोल गोल घास.

वाटीत एलिमेंटच्या खाली स्प्रिंग आणि पत्र्याची चकती असते. ती कुठल्या क्रमाने निघाली ते आठवत असेल तर ठीक, नाहीतर चौफुलीवाल्यांना विचार. स्प्रिंग राहून गेली तर बाहेर गळणार नाही, पण एलिमेंट जागेवर बसणार नाही आणि ऑईल न गाळता पुढे जाईल. ते कुणाला दिसतही नाही.

आवळताना रिंगला ऑईल लाव, वाटी हाताने नीट जागेवर बसव, आणि साध्या रिंग पान्याने एका हाताच्या जोराने आवळ. पाइप घरात लपवून ठेव. त्या बोल्टचे हेडमधले आटे गेले तर आप्पा तुला घरात घेणार नाहीत.

आता टॅपेट कव्हर. ते फिल्टरच्या प्रेशरने गळत नाही, तिथे पंपाचा दाब नसतो. तिथून ऑईल येतंय म्हणजे एकतर कव्हरचं पॅकिंग वाळलंय, नाहीतर इंजिनच्या पोटात गॅस कोंडतोय. ऑईल भरायचं झाकण काढून इंजिन चालव. झाकणाच्या तोंडातून थोडी हवा येणारच, पण भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. धूर कमी आणि झाकण काढल्यावर टॅपेट कव्हरचा पाझर मंदावला, तर ब्रीदरची नळी बघ, पोटातला गॅस तिच्यातूनच बाहेर जातो. गाडी चार वर्षं उभी होती म्हणालास ना?

सावदेकर

काका, तुम्ही धुळ्यात बसून आमच्या खळ्यातलं बघता काय?

ब्रीदरच्या नळीत कुंभारणीचं घर. मातीचं, पक्कं, करंगळीएवढ्या तीन खोल्या. तार घालून फोडलं तर पाव वाटी माती निघाली. नळी उतरवून डिझेलने धुतली, तोंडाला बारीक जाळी बांधली. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही वाळून कडक झालं होतं, पण अजून धरून आहे. पाझर बंद झाला म्हणून त्याला हात लावला नाही.

रिंगसाठी पहाटे वाटी पिशवीत घालून जळगावला गेलो. मालकांनी तीन रिंगा काढल्या, दोन परत ठेवल्या, तिसरी वाटीच्या काठावर बसली ती न ताणता. चहाही पाजला. तांब्याचं वायसर नवं मिळालं, तरी जुनं चुलीत तापवून पाहिलं, केवळ गंमत म्हणून. पाण्यात टाकलं तर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कसली फोडणी.

शेंदरावरून घरात थोडा वाद झाला. आप्पा म्हणाले, देवाचा शेंदूर गाडीला का. मी म्हटलं, आप्पा, दसऱ्याला याच गाडीला हळदकुंकू लावता ना. मग त्यांनीच खिडकीची काच आणून दिली. काठाला एका जागी तीन बोटं शेंदूर लागलाच नाही, आणि बरोबर तीच बाजू गळत होती. म्हणजे रिंग आणि काठ दोघंही दोषी. अर्धा तास पॉलिश पेपरवर घासल्यावर सगळीकडे लाल रेघ उठली.

जोडल्यावर स्टॉपची (इंजिन बंद करायची) तार ओढून धरली आणि काटा हलेपर्यंत नुसता सेल्फ मारला, दम घेत घेत. मग चालू केलं. परत खडू, परत आरसा. पाऊण तास. पूड पांढरी ती पांढरीच.

परवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर तापीच्या दिशेने एक फेरी मारली. आप्पा स्टिअरिंगवर, मी क्लीनरच्या जागेवर. परत येताना त्यांनी रस्त्यात दोनदा गाडी थांबवली आणि मला खाली बघायला उतरवलं. काही नव्हतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. सकाळी दोन थेंब होते, दोन्ही चेंबरच्या मागच्या टोकाशी. ते आता आखाजीनंतर.

घाटवाला

चेंबरला पुट्टी चालेल का काका?

जुना फिटर, धुळे

तू एकदा धुळ्याला ये. तुझ्याशी बोलायचंय.